वारसाहक्क

संजीवनीचं कंत्राट पुढच्या जूनमध्ये संपणार होतं आणि ते वाढणार नाही, हे प्रोफेसर क्वेक यांनी तिला फार जपून सांगितलं. ती त्यांच्या प्रयोगशाळेत रिसर्च फेलो होती. बंद गटारांमध्ये जो विषारी वायू साठून राहतो, तो माणूस आत उतरायच्या आधीच ओळखणारी यंत्रं ती बनवायची. काम चांगलं चाललं होतं, पेपर छापून येत होते, पण ज्या निधीतून तिचा पगार निघायचा तो निधीच आटत आला होता. आता आणखी एक तात्पुरती नोकरी शोधू नकोस, असं क्वेक म्हणाले. सरळ प्रोफेसरच्या जागांसाठी अर्ज कर, अमेरिकेत, कॅनडात, जमेल तिथं. ती बरं म्हणाली आणि आपल्या टेबलाशी येऊन मशीनचं राहिलेलं रीडिंग घेऊ लागली.

घरी काळजी करायला मोठं माणूस तिच्याशिवाय नव्हतं. नवरा, उल्हास, तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनीअर होता आणि सहा-सहा महिने समुद्रावर असायचा. अकरा वर्षांची जाई पाचवीत होती. बुकित पंजांगमधला त्यांचा भाड्याचा फ्लॅट एलआरटीच्या रुळांना इतका लागून होता की गाडी जवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट व्हायच्या, आतल्या लोकांना यांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. त्या तिघांचं सिंगापुरात राहणं संजीवनीच्या एम्प्लॉयमेंट पासवर होतं. नोकरी गेली की सगळंच आवरावं लागणार होतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्याची जी भीती वाटायला हवी ती वाटत नव्हती. हात सुन्न झाल्यावर चिमटा कळतो पण दुखत नाही, तसं काहीसं झालं होतं.

अर्ज २०१८च्या सप्टेंबरपासून सुरू झाले. संशोधनात पुढं काय करणार ते लिहायचं होतं, शिकवण्याबद्दल लिहायचं होतं, ते तिनं भराभर लिहून टाकलं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मात्र आणखी एक निवेदन मागत होती. डायव्हर्सिटी स्टेटमेंट. इंजिनीअरिंगपासून जे लांब राहिलेत, ज्यांना कुणी आत घेतलं नाही, अशांसाठी तुम्ही आजवर काय केलंत आणि पुढं काय करणार आहात, ते दोन पानांत सांगा.

तसं तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. चार वर्षं ती दर शनिवारी शेजारच्या ब्लॉकच्या खाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, वस्तीतल्या मुली गोळा करून बसायची. रिकाम्या बाटल्यांत वाळू आणि कोळसा भरून गढूळ पाणी गाळायला शिकवायची, लहान मोटरी जोडायला द्यायची. मलाय, तमिळ, चिनी, सगळ्या घरांतल्या मुली यायच्या. त्याला आउटरीच म्हणतात हे तिला अर्ज भरतानाच कळलं. तिनं ते सगळं नीट मुद्द्यांत लिहून क्वेक यांना दाखवलं.

क्वेक साठीचे होते, मुलाबाळांचे, कुणाचं मन दुखवायचं नाही अशा स्वभावाचे. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि चष्मा काढला. हे प्रयोगाच्या कृतीसारखं वाटतंय, ते म्हणाले. हे सगळं केलंस, पण का केलंस? तिथं निवड करणाऱ्या समितीला तेच हवं असतं. मग त्यांनी सहज विचारलं की इतके विषय असताना तू गटारंच का निवडलीस. नोकरीवर घेताना त्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हा, या विषयात जागा रिकामी होती, असं उत्तर तिनं दिलं होतं. आताही तिनं तेच दिलं. ते हसले नाहीत. पुन्हा लिहून आण म्हणाले.

तिनं मैत्रिणीला विचारलं. अश्लेषा पुण्याची, एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये होती आणि दोन ब्लॉक पलीकडे राहायची. तिचा सौमित्र जाईच्याच वर्गात होता, त्यामुळे येणं-जाणं रोजचं. अश्लेषानं चहा टाकता टाकता सांगून टाकलं की यात अवघड काही नाही, बाई म्हणून लिही. आपल्या वेळी इंजिनीअरिंगला मुली किती होत्या, वर्गात कोपऱ्यात कसं बसावं लागायचं, ते सगळं रंगवून लिही. मग तिचं बोलणं नेहमीच्या वळणानं तिच्या भावाच्या अ‍ॅडमिशनवर गेलं. त्र्याण्णव टक्के मिळूनही त्याला हवं ते कॉलेज मिळालं नव्हतं, आणि बाकीचे कसे कमी मार्कांवर पुढं गेले, हे संजीवनीनं तिच्या तोंडून पूर्वीही ऐकलं होतं. "आपल्यासाठी कुणी असली स्टेटमेंटं मागितली नाहीत गं," अश्लेषा म्हणाली. संजीवनीनं कप विसळून ओट्यावर पालथा घातला.

त्या 'आपल्या'त अश्लेषा तिलाही धरत होती. धरेलच. सिंगापुरातल्या आठ वर्षांत संजीवनीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि तिच्याकडे पाहून कुणाला कळण्यासारखंही नव्हतं. तिचं आडनाव गावावरून घेतलेलं, साधं, 'कर' लागलेलं. ती सातवीत असताना तिच्या वडिलांनी, अण्णांनी, गॅझेटमध्ये जाहिरात देऊन जुनं बदलून हे लावून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी जाई पोहायला गेल्यावर ती लॅपटॉप उघडून बसली आणि एका बैठकीत सगळं लिहून काढलं. अण्णा नगर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. ड्रेनेज तुंबलं की चेंबरचं झाकण काढून, अंगावर फक्त चड्डी ठेवून, कमरेला दोर बांधून आत उतरायचे. त्यांच्याबरोबर प्रतापकाका असायचे. एका उन्हाळ्यात बस स्टँडमागच्या चेंबरमध्ये आधी प्रतापकाका उतरले, वर आले नाहीत, म्हणून अण्णा उतरले. लोकांनी दोर ओढला तेव्हा अण्णांचा श्वास चालू होता. प्रतापकाकांचा नव्हता. शाळेतून येताना तिनं दोघांना रस्त्याच्या कडेला निजवलेलं पाहिलं होतं. त्यानंतर महिनाभरानं आडनाव बदललं, आणि घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही.

लिहिताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. शब्द बरोबर आहेत का एवढंच ती पाहत राहिली. सफाई कामगाराला इंग्रजीत जो शब्द होता, त्यात ती चड्डी आणि तो दोर कुठंच बसत नव्हता. तो वाचून कुणालाही झाडू घेऊन चाललेला माणूस डोळ्यांसमोर आला असता. तिनं खाली आणखी एक वाक्य जोडलं, आणि जातीबद्दल एक. ही कामं कुणाच्या वाट्याला येतात, ते. मग शनिवारच्या मुलींचा मजकूर त्याला जोडला आणि तो आपोआप जुळला.

तिचं इंग्रजी बरं होतं, पण 'द' आणि 'अ' कुठं घालायचं याची खात्री तिला आजही वाटायची नाही. एरवी पेपर असला की प्रयोगशाळेतलं कुणीतरी पाहायचं. हे कुणाला दाखवणार? ओले केस पुसत जाई घरात आली तेव्हा तिनं लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला आणि चुका काढायला सांगितल्या. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. हात मात्र थांबला नाही.

जाईनं पहिलं पान पेन्सिल ओठात धरून वाचलं. एक-दोन ठिकाणी दुरुस्ती केली. दुसऱ्या पानावर जायच्या आधी तिनं मान वर केली.

"हा आजोबा आहे? आपला आजोबा?"

"हो."

"ही वेंट इन्साइड? विदाउट मास्क?"

"हो. तेव्हा नसायचे."

जाईनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "देन व्हाय यू नेव्हर टेल मी?"

याला उत्तर द्यायला हवं होतं. संजीवनीला एवढंच सुचलं की, सांगण्यासारखं काही नव्हतं. जाईला ते पटलं नाही, हे दिसलं. पण ती पुन्हा वाचू लागली, दोन स्वल्पविराम घातले, आणि एक परिच्छेद फार लांब आहे म्हणून तो मधोमध तोडला. तिची दुरुस्ती योग्य होती.

संध्याकाळी नेहमीसारखा अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. ते आता निवृत्त होऊन संजीवनीच्या धाकट्या भावाकडे, संकेतकडे, नाशिकला राहत होते. जाईनं नमस्कार वगैरे काही न करता फोन हातात घेऊन विचारलं, "आजोबा, तुम्ही गटरच्या आत गेलेला?"

अण्णांनी विचारलं, कुणी सांगितलं? आईनं लिहिलं, जाई म्हणाली, जॉबसाठी. मग ते तिच्याशी नीट बोलले. आत अंधार असतो का, उंदीर असतात का, भीती वाटायची का, जे विचारलं ते त्यांनी सांगितलं. कधी कधी नाणी सापडायची, हेही सांगितलं. जाईचं मराठी अडखळायचं तिथं ते थांबून राहायचे. शेवटी म्हणाले, आईला दे.

संजीवनी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. समोरच्या चौकोनात अण्णांचा चेहरा अर्धाच दिसत होता. फोन कसा धरायचा हे त्यांना अजून जमत नव्हतं.

"प्रतापचं लिहिलंस?"

"एक सहकारी, असं लिहिलंय."

"बरं." मग म्हणाले, "त्यांना कशाला लागतं गं हे?"

तिनं समजावलं. ते लोक फक्त हुशारी बघत नाहीत, माणूस कुठून आला तेही बघतात, दुसऱ्यांना वर आणेल का ते बघतात. बोलताना आपण क्वेक यांचीच वाक्यं मराठीत म्हणतोय, असं तिला जाणवलं.

"म्हणजे याच्यावर नोकरी मिळते?"

"मदत होते म्हणतात."

अण्णा हसल्यासारखे झाले. "मलाही याच्यावरच मिळाली होती की. वारसाहक्कानं. बापाची जागा पोराला. अर्जात दुसरं काही विचारलंच नाही." ते पुढं म्हणाले, "माझ्यामागं तुमच्या दोघांपैकी एकाचं नाव लागणार होतं. साहेब दोनदा घरी आला. मी सही दिली नाही."

हे तिला माहीत नव्हतं. तुमचा उल्लेख काढून टाकू का, असं तिनं विचारलं, म्हणजे हे सगळंच काढून टाकू का. अण्णा म्हणाले, ते तू बघ, शिकलेली तू आहेस. मग नाशिकला कांद्याचा भाव काय झालाय ते सांगू लागले.

तिनं काढलं नाही. ठेवायलाच हवं म्हणून ठेवलं, असंही नव्हतं. एका विद्यापीठाची अंतिम तारीख दुसऱ्याच दिवशी होती आणि नवं लिहायला वेळ नव्हता. क्वेक यांनी ते वाचलं, पानं टेबलावर ठेवली आणि ते म्हणाले, हेच तू मला पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. त्यांचा आवाज जड झाला होता. त्यांना बरं वाटावं म्हणून ती सॉरी म्हणाली.

जानेवारीत एका सकाळी, जाई शाळेत गेल्यावर, मुलाखत झाली. पडद्यावर पाच चेहरे होते, तिकडे संध्याकाळ. तिच्या यंत्राबद्दल एकानं दोन प्रश्न विचारले, तेही जुजबी. मग समितीच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या की तुमचं निवेदन आमच्यातल्या अनेकांनी पुन्हा पुन्हा वाचलं. ते लिहायला धैर्य लागलं असेल. त्याबद्दल आणखी थोडं सांगाल का? संजीवनीनं सांगितलं. बस स्टँड, दोर, प्रतापकाका. या वेळी तिनं त्यांचं नाव घेतलं. ते घेतल्यानं काही वेगळं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण पडद्यावरच्या एका माणसानं ते लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं, तेवढंच झालं. फेब्रुवारीत त्यांनी तिला बोलावून घेतलं. जाईला अश्लेषाकडे ठेवून ती बर्फातल्या त्या गावी जाऊन आली. तिथं जेवणाच्या टेबलावर प्रत्येक नवा माणूस तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा. दुसऱ्या रात्रीपर्यंत ती गोष्ट न अडखळता, ठरलेल्या जागी थांबे घेत सांगू लागली होती.

परत आली तेव्हा अश्लेषाला सगळं कळलेलं होतं. जाईनं सौमित्रला सांगितलं होतं, तेही फुशारकीनं, माझा आजोबा गटारात उतरायचा म्हणून, आणि सौमित्रनं घरी. अश्लेषा दारातच तिच्या गळ्यात पडली. म्हणाली, तू मला कधी बोलली का नाहीस, आम्ही असलं काही मानत नाही गं. तिचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. त्यानंतर ती जास्तच चांगली वागू लागली. भावाच्या अ‍ॅडमिशनचा विषय बंद झाला. दोन दिवसांआड डबा यायला लागला, खरवस, अळूवड्या. पूर्वी ती हक्कानं जाईला रागवायची, संजीवनीच्या फोडणीला नावं ठेवायची. आता प्रत्येक वाक्य आधी तोलून मग बोलायची. महिला दिनाला मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, त्यात 'माझा प्रवास' म्हणून दहा मिनिटं बोलशील का, असंही तिनं विचारलं. सगळ्यांना प्रेरणा मिळेल.

"नको," संजीवनी म्हणाली.

"अगं, तिकडं परक्यांना सांगितलंस ना?"

"तिथं नोकरी होती."

अश्लेषाला ते लागलं. डबा मात्र येत राहिला, आणि संजीवनी तो धुऊन, आत काहीतरी घालून परत पाठवत राहिली. पूर्वी दोघी रिकामे डबे परत करायच्या, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

मार्चमध्ये नोकरीचं पत्र आलं. असिस्टंट प्रोफेसर, ऑगस्टपासून. डीननं लिहिलं होतं की तुमच्या निवेदनानं आमच्या विभागाला आपलं काम नव्यानं पाहायला लावलं. यंत्राचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत होता. तिनं ते पत्र क्वेक यांना दाखवलं, त्यांनी तिचा हात हातात घेऊन हलवला, मग प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावून केक मागवला. केक खाताना तिनं त्यांना विचारलं, ही नोकरी मला कशामुळे मिळाली असेल? ते म्हणाले, मिळाली ना, आता कशाला विचार करतेस. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. आपले पेपर चांगले होते, हे तिला माहीत होतं. पण आता ते कुणालाही, तिला स्वतःलाही, सिद्ध करून दाखवता येणार नव्हतं.

अण्णांना तिनं फोनवर सांगितलं. त्यांनी आधी पेन्शन आहे का विचारलं. आहे म्हणाल्यावर त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू आला. मग हळूच म्हणाले, तिकडं आडनावावरून काही विचारत नाहीत ना?

"नाही अण्णा. तिथं सगळ्यांना आधीच माहीत आहे."

अण्णा म्हणाले, "माहीत असू दे. तू आत उतरू नकोस म्हणजे झालं. यंत्र उतरव." एवढं बोलून त्यांनी फोन संकेतकडे दिला.

एप्रिलच्या सुरुवातीला उल्हास जहाजावरून उतरला. जहाज इथंच लागलं होतं, त्यामुळे तो दुपारीच, उन्हानं रापलेला, अंगावर डिझेलचा वास घेऊन घरी आला. त्यानं पत्र मोठ्यानं वाचून काढलं, जाईला उचलायला गेला आणि ती फार वाढलीय म्हणून त्यानं तिला खाली ठेवलं. त्याचेही आजोबा नगरपालिकेतच होते, पण त्याला ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं. जहाजावर इंजिन चालतंय की नाही एवढंच बघतात, असं तो म्हणायचा. निवेदन त्यानं मागून घेऊन वाचलं. वाचून झाल्यावर तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू दोघांना बघितलंस हे मला माहीत नव्हतं."

"मलाही लिहिताना आठवलं," ती म्हणाली. ते खरं नव्हतं, पण दुसरं काही सांगायचं त्राण नव्हतं.

संध्याकाळी तिघं खालच्या हॉकर सेंटरला जेवायला गेली. उल्हास नोकरीबद्दल, घराबद्दल, तिकडच्या थंडीबद्दल बोलत होता. आपण जहाज सोडून तिथं काय करू, याचंही त्यानं काहीतरी ठरवलं होतं. बोलता बोलता थांबला आणि त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुला आनंद नाही झाला?"

तिनं खरंच विचार केला. चमचा ताटलीत तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरची म्हातारी माशांचे काटे काढून नातवाच्या भातावर ठेवत होती.

"झाला असेल," ती म्हणाली. "अजून कळला नाही."

जाईनं बार्लीचं थंड पाणी मागितलं, उल्हासलाही हवं होतं. रांग लांब होती. संजीवनी उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.